टाकीखालच्या खानावळीची नोंद

बमरोली, सुरत
बुधवार, दुपारची पंगत उठल्यावर

आदरणीय दाजी,

तुम्हाला आणि पार्वतीअक्काला भगवंतचा मनापासून जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अक्का बीपीची गोळी अजून अर्धीच मोडून घेते का? (अर्धी गोळी घेतली की उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी कामाला येते, असं तिचं म्हणणं. तिला सांगा, तुझ्या धाकट्या भावाने पूर्ण गोळी घ्यायला सांगितलंय. ऐकणार नाही, पण सांगा.) तुम्ही पाठवलेलं येसर पोचलं. आमटीला लावलं तर खानावळीतल्या तीन मेंबरांनी जेवता जेवता गावी फोन लावले. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, आणि हे मी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. ते खरं कसं आहे, हे पुढे कळेल.

“पत्रास कारण की” असं लिहिलं की पुढे काहीतरी मागणं येतं, हे तुम्ही चाळीस वर्षं मास्तरकी करून ओळखून आहात, म्हणून ते वाक्य मी गाळतो. फोनच केला असता. पण फोनवर तुमच्याशी बोलताना मला अजून सातवीच्या वर्गात उभं असल्यासारखं वाटतं, आणि शिवाय या सगळ्या घोळाचं मूळ माझा मागचा फोनच आहे. पत्रात चुका असतील त्या लाल शाईने सुधारून ठेवा. मागच्या पत्राला तुम्ही दहापैकी चार दिले होते, ते मी विसरलो नाही.

तर तो फोन. गेल्या महिन्यात मी तुम्हाला म्हणालो की तुमच्या पोरीने माझं नाक कापलं, तिला येऊन घेऊन जा. तुम्ही फक्त “बरं” म्हणालात आणि ठेवलात. मला वाटलं, चार शब्द सुनवाल, मग मीही चार सुनवीन, आणि मिटेल. पण तुम्ही पडलात शब्दाचे पक्के. परवा अक्काने कळवलं की तुम्ही रविवारी येताय, नीलमला घेऊन जाताय, आणि तिला गावाजवळच्या कॉलेजात घालून पुढे मास्तरीण करणार आहात. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि खानावळवाल्याच्या घशाखाली घास उतरेना म्हणजे गिऱ्हाइकं काय समजतील याचा विचार करा. दाजी, त्या फोनमधला अर्धा राग माझा होता आणि अर्धा आवाज लूमचा होता. अठरा वर्षं कापड विणायच्या लूमवर काम केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी रंभाला “चहा दे” म्हटलं तरी शेजारी खिडकी लावून घेतात. म्हणून त्या दिवशी खरं काय झालं ते तुम्ही यायच्या आत तुमच्या हाती पडावं, अशी माझी धडपड आहे. आपल्याकडचा बळीराम आजच्या ट्रॅव्हल्सने निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

सुरुवात नीलमच्या पोटापासून झाली. मागच्या पावसाळ्याआधी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला एका काचेच्या दाराच्या हॉटेलात जेवली, आणि तीन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर पडून राहिली. उठल्यावर तिने मला विचारलं की मामा, आत जायच्या आधी कळायला काही मार्ग नाही का? मी म्हणालो, आहे की, गर्दी बघायची. जिथे गर्दी तिथे जेवण चांगलं. (हे मी माझ्या अनुभवाने सांगितलं होतं. माझ्याकडे गर्दी होती.) पण ती तुमची मुलगी. तिने शोधून काढलं की हॉटेल-खानावळींची तपासणी होते, साहेब लोक येऊन काय काय पाहिलं ते लिहितात, आणि ते कागद कोणालाही बघायला खुले असतात. लपवाछपवी काही नाही. फक्त ते लायसन्सच्या नंबरावर लावलेले. आता भूक लागल्यावर कोणता माणूस लायसन्सचा नंबर पाठ करून निघतो? तिने ठरवलं की कॉलेजचं शेवटच्या वर्षाचं काम म्हणून हेच करायचं. मोबाइलवर हॉटेलचं नाव टाका, त्याची नोंद समोर. तपासणीच्या खात्यातल्या लोकांनी तिला मागितलं ते सगळं दिलं, आणि पोरगी तीन महिने बसून एकेक कागद मराठीत उतरवून भरत राहिली.

पण अडचण आली नावांची. दाजी, आमच्या बमरोलीत पाटी वाचून कोणी जेवायला जात नाही. एका खानावळीला सगळे “पोलिसाची” म्हणतात, कारण कधी काळी तिथे एक पोलीस जेवला होता. एक “लंगड्या बाकाची” आहे, आणि त्या मालकाने नवे बाक आणून सहा वर्षं झाली. माझंच बघा. पाटी आहे आधीच्या मालकाच्या बायकोच्या नावाची, लायसन्स माझ्या नावाचं, आणि लोक म्हणतात “टाकीखालची”, कारण वर पाण्याची टाकी आहे. भगवंत इंगोलेची खानावळ कुठे असं विचारलं तर खुद्द माझे मेंबर डोकं खाजवतील. तेव्हा नीलम म्हणाली, लोक जे नाव घेतात ते टाकल्यावर सापडलं नाही तर या कामाला काही अर्थ नाही.

इथे मी उडी घेतली. अकरा दिवस तिला स्कूटरवर मागे बसवून कारखान्या-कारखान्यात फिरवलं. लूमच्या धडधडाटात कामगारांना “कुठे जेवतो रे?” असं विचारायला माझा आवाज कामी आला. पाचशेच्या वर नावं मिळाली. मला या कामाचा एवढा उत्साह का होता, हे तुम्ही विचारणार, म्हणून आधीच कबूल करतो. समोरच्या गल्लीत गणपत नावाच्या धुळ्याकडच्या माणसाची खानावळ आहे. बारा वर्षं मी सांगत आलो होतो की गणपतचं स्वयंपाकघर बघाल तर आठ दिवस जेवणार नाही. (मी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं.) आता सरकारी नोंदच लोकांपुढे येणार, म्हणून मी हरखलो होतो. दुसऱ्याचं झाकलेलं उघडं पडणार म्हटलं की माणसाला समाजसेवेचा केवढा हुरूप येतो.

नीलम मला तीनदा म्हणाली, मामा, आधी आपलं बघू या का? मी म्हणालो, आपलं काय बघायचंय, आपलं तर भिंतीवर फ्रेम करून लावलंय. आणि दाजी, ते खरंच लावलं होतं. मे महिन्यात साहेब तपासणीला येऊन गेले. चहासुद्धा घेतला नाही, इतका सज्जन माणूस. पुढे त्यांचा एक कागद आला. गोल शिक्का, खाली सही, गुजरातीत दाटीवाटीने मजकूर. गुजराती मी बोलतो फाडफाड, भांडतोसुद्धा, पण वाचायला बसलो की अक्षरं माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. इतका जाड शिक्का मी आयुष्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच पाहिला होता, तेव्हा हे सर्टिफिकेट असणार हे उघड होतं. काच बसवून आणली, गल्ल्याच्या वर लावली, आणि वरून प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातला. सप्टेंबरात दुसरा कागद आला. मी म्हटलं, बघा, सरकार पुन्हा खूश झालं. तोही फ्रेम करून शेजारी लावला. गुजराती वाचणारे दोन-चार सुपरवायझर माझ्याकडे जेवायला येत. ते वर बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि गालात हसायचे. मला वाटायचं, कौतुक आहे.

जानेवारीत सुट्टीच्या दिवशी मी सगळ्या मेंबरांना बोलावलं. नीलमचा मोबाइल खानावळीतल्या टीव्हीला जोडला. मी बाकावर उभा राहून भाषण केलं की आजपासून आपल्याला कोणी घाण खाऊ घालू शकणार नाही. मग मी मोठ्याने म्हणालो, पहिलं नाव गणपतचं टाक. टाकलं. स्वयंपाकघर स्वच्छ, पाणी झाकलेलं, समाधानकारक. मी म्हणालो, बरं, पुढचं नाव टाक. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, आता आपली टाकीखालची टाका. नीलमने माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून हात उंचावून म्हणालो, टाक. आणि ते टीव्हीवर आलं, बेचाळीस इंची, मराठीत. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. पिठाची पोती ओल्या जमिनीवर. तपासणीच्या वेळी मालक तांदळाच्या पोत्यावर झोपलेले आढळले. पंधरा दिवसांत सुधारणा करण्याची नोटीस दिली. खाली दुसरी ओळ: सुधारणा नाही, स्मरणपत्र दिले. दाजी, ती दोन्ही सर्टिफिकेटं म्हणजे हे होतं. नोटिशीला आणि स्मरणपत्राला हार घालून मी त्यांच्याखाली आठ महिने गल्ल्यावर बसलो होतो.

बासष्ट मेंबरांपैकी त्या संध्याकाळी चोवीस जेवायला आले. बाकीचे गणपतकडे. मी नीलमला म्हणालो, ती ओळ काढ. ती म्हणाली, “मामा, तुमची काढली तर ज्याने ज्याने मागितली त्याची काढावी लागेल, मग उरेल काय?” शांतपणे म्हणाली, डोळे भरलेले होते तरी. बोलण्यात हरलो की मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. मी तुम्हाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होतो, तर वर टाकीवरून खरडण्याचा आवाज. जाऊन बघतो तर तुमची मुलगी ओढणी कमरेला बांधून टाकीत उतरलेली. मीही उतरलो. टाकीतून काय निघालं ते सगळं लिहीत नाही, अक्का हे पत्र वाचेल. दोन रबरी बॉल निघाले, एक चप्पल निघाली, आणि कबुतराची पिसं निघाली, नुसती पिसंच नव्हे. तो गाळ हातात धरून उभा असताना मला ऑगस्ट महिना आठवला. ऑगस्टात माझ्या अकरा मेंबरांची पोटं बिघडली होती. नांदेडकडचा गोपाल चार दिवस दवाखान्यात होता. मी त्याला डाळिंबं नेऊन दिली आणि सगळ्यांना सांगितलं की हवाच खराब आहे. गोपालच्या आईने गावाहून फोन करून माझे आभार मानले होते, दाजी. पोराला परक्या गावात आपलं माणूस भेटलं म्हणाली. मी ते आभार घेतले. टाकीत उभा राहून मला फार वाईट वाटलं, आणि हे मी रंभालासुद्धा सांगितलेलं नाही.

खानावळ तीन दिवस बंद ठेवली. त्यातल्या दुसऱ्या दिवशी दारात गणपत. मी मनात म्हटलं, आला मीठ चोळायला. त्याने आधी भिंतीवरच्या दोन्ही फ्रेमा नीट वाचल्या आणि म्हणाला, “भाऊ, आसाच कागद मागला साले माले बी येल व्हता. मी पोरकडथून वाची लिधा, तू त्याले हार घाली दिधा.” म्हणजे गेल्या वर्षी त्यालाही असाच कागद आला होता, आणि तो त्याने पोराकडून वाचून घेतला होता. एवढं बोलून तो हसला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं हसणं वाईट वाटलं नाही. त्याने टाकीची झाकणं बनवणाऱ्याकडे मला स्वतः नेलं. माझे मेंबर तीन दिवस त्याच्याकडे जेवले, आणि चौथ्या दिवशी त्याने दारात उभं राहून त्यांना परत पाठवलं, “जा, तुमनं आठे सरनं”, म्हणजे तुमचं इथलं संपलं, म्हणून. त्याचं स्वयंपाकघर मी आता पाहिलंय. माझ्यापेक्षा चांगलं आहे. बारा वर्षं मी त्या माणसाबद्दल काय काय बोललो, आणि तो मला झाकण बघायला घेऊन गेला. त्याचे उपकार फेडायचे कसे ते कळत नाही. सध्या मी त्याच्या आमटीची तोंडभरून तारीफ करतो, आणि ती खोटी नाही.

मग आम्ही फेरतपासणीचा अर्ज दिला. आल्या त्या जयश्रीबेन म्हणून बाई. टाकी पाहिली, झाकण उचलून पुन्हा लावून पाहिलं, पिठाची पोती फळ्यांवर ठेवलेली पाहिली. मग गल्ल्याजवळ थांबल्या. (फ्रेमा मी काढल्या नव्हत्या. नीलम म्हणाली होती, साहेब येऊन जाईपर्यंत राहू द्या, मामा, हुशारी दाखवायला जाऊ नका.) हाराखालचा कागद वाचून त्या म्हणाल्या, “अरे, आ तो मारी सही छे.” स्मरणपत्र त्यांनीच पाठवलेलं होतं. मी खरं ते सांगितलं. आधी त्या तोंडावर रुमाल धरून हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, या भागात निम्मी खानावळवाली माणसं बाहेरची आहेत, आमचे कागद त्यांना वाचता येत नसतील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नीलमला जवळ बोलावून त्यांनी तिचं काम तासभर पाहिलं. आता नोटिशीबरोबर तोच मजकूर मराठी, हिंदी आणि उडियात द्यायचा, असं त्यांनी वरती सुचवलंय. होईल तेव्हा होईल. चहा त्यांनीही घेतला नाही.

आता टाकीखालची असं टाकलं की तीन ओळी येतात. दोन जुन्या, आणि तिसरी: सुधारणा पूर्ण, समाधानकारक. मी नीलमला गोडीगुलाबीने विचारलं की आता तरी वरच्या दोन काढशील का. नाही म्हणाली. वरच्या दोन आहेत म्हणून तिसरीवर लोक विश्वास ठेवतात म्हणे. हे अगदी तुमच्या वळणाचं बोलणं आहे. तुम्ही नाही का, नापासाचा शेरा खोडू देत नव्हतात, शेजारी पास लिहायचात? मेंबर पंचावन्न झालेत. सात आले नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. गोपालकडे मात्र मी गेलो, आणि त्या ऑगस्टची चूक हवेची नव्हती असं सांगितलं. त्याने मला बसायला खाटेचा कोपरा झटकून दिला. मग म्हणाला, काका, संध्याकाळी भाजी कसली आहे? गल्लीतल्या बाया झाकण बघायला येतात. परवा लूमवरची चार पोरं एका नव्या नाश्त्याच्या गाडीसमोर मोबाइल काढून उभी होती आणि गाडीवाला आपणहून हात धूत होता.

दाजी, माणूस आपल्या घरी शिकायला आलेल्या पोरीला दोन वेळचं जेवण घालतो आणि स्वतःला पालनकर्ता समजतो. मी दोन वर्षं तेच समजत होतो. खरं म्हणजे तिने माझ्या ताटातली घाण मला दाखवली, आणि मग हात घालून काढलीही. तुम्ही तिला असं वाढवलंत आणि माझ्या घरी पाठवलंत, याबद्दल तुमचे आणि अक्काचे आभार मानायला हे पत्र लिहिलं, दुसरं काही कारण नाही.

अक्काला नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
भगवंत

ता. क. १ : दुसरं थोडं कारण आहे. रविवारी तुम्ही या, अवश्य या, आठ दिवस राहा. पण परतीची दोन तिकिटं काढली असतील तर एक रद्द करा. नीलमला पांडेसरा, सचिन आणि हजीरा या कारखान्यांच्या भागांतल्या खानावळीही यात घ्यायच्या आहेत. तिकडे नुसती एकटी कामाला आलेली माणसं, सगळी बाहेरच जेवतात. एका वर्षाचं काम आहे. स्कूटर माझी, आवाज माझा. तुम्ही फक्त हो म्हणा.

ता. क. २ : मी तुम्हाला तो फोन केला होता हे नीलमला माहीत नाही. कृपा करून तिला सांगू नका. मी तिला घालवायला निघालो होतो हे कळलं तर तिला लागेल, आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ता. क. ३ : दादा, मी रंभा लिहिते. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय आणि हे बळीरामला थांबवायला गेलेत. माझं अक्षर सांभाळून घ्या. दोन गोष्टी यांनी लिहिल्या नाहीत कारण यांना ठाऊकच नाहीत. मे महिन्यात साहेब आपणहून आले नव्हते. तक्रार मी केली होती. चार वर्षं झाकण आणा म्हणून सांगून माझी जीभ झिजली, म्हटलं सरकारने सांगितलं तर ऐकतील. तर यांनी त्याला हार घातला, आणि मलाही वाटलं, सरकारला चालतं तर मी कोण. हे यांना सांगितलं तरी चालेल, मी घाबरत नाही.

दुसरी गोष्ट मात्र यांना सांगू नका. यांनी फोन केला तेव्हा नीलम जिन्यात उभी होती. या माणसाचा आवाज जिन्यात काय, नाक्यावर ऐकू जातो. तुम्ही “बरं” म्हणालात तेही तिला कळलं, कारण यांनी फोन ठेवून मला तेच सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी बॅग भरली. दुसऱ्या दिवशी ती टाकीत उतरली ती जायचंच आहे असं धरून उतरली होती. बॅग अजून तिच्या खाटेखाली भरलेली आहे. रोज त्यातून एक ड्रेस काढते, धुऊन पुन्हा त्यातच ठेवते. मी दोनदा म्हटलं, सोड ग, तर म्हणते, बाबा येऊ देत. ती यांच्यावर रागावलेली नाही. तिला फक्त तुमच्या त्या एका शब्दाचा अर्थ लागत नाही. रविवारी आलात की पाणी नंतर प्या, आधी तिला सांगा की बॅग सोड.